एमजीबीचं इंजिन बांधताना खर्च किती करावा? या चुका टाळा

इंजिन बाहेर निघालेलं असतं, ब्लॉक टेबलावर असतो आणि गॅरेजवाला म्हणतो, "आता उघडलंच आहे तर हेही करून घेऊ." एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या मालकांचं बजेट फसतं ते इथेच. किती खर्च करायचा हे इंजिनाला पाना लावण्याआधी ठरलं पाहिजे, आणि ते गाडीच्या बाजारभावावरून नव्हे, तर मोजमापावरून आणि गाडी किती चालवणार यावरून.

बाजारभाव बाजूला का ठेवायचा? ही गाडी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात पाच लाखांहून जास्त संख्येने बनली. सुटे भाग आजही नव्याने बनतात. त्यामुळे इंजिनात घातलेला प्रत्येक पाऊंड किंवा रुपया विकताना परत मिळेल, ही आशा धरू नये. तो पैसा गाडी चालवण्याच्या आनंदासाठी असतो, आणि ते कारण पुरेसं आहे.

धूर दिसला की इंजिन उतरवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की निळा धूर येतो? मग संशय व्हॉल्व्हच्या गाइड आणि सीलवर घ्या; ते काम हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा व्हॉल्व्ह असलेला भाग, काढून होतं. चढावर, लोडवर सतत धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंग आणि बोअरकडे (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीकडे) बघा.

इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग-बोअर झिजलंय, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोनच सिलिंडर कमी असतील तर बहुधा त्यांच्यामधलं हेडखालचं गॅस्केट गेलंय. शक्य असल्यास लीक-डाउन टेस्टही (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघणं) करून घ्या. हवा सायलेन्सरमधून फुसफुसते, कार्ब्युरेटरमधून की ऑइल भरायच्या तोंडातून, यावरून दुखणं कुठे आहे ते कळतं.

ऑइल प्रेशर गरम इंजिनावर, रस्त्याच्या वेगाला ५० पीएसआयच्या वर असायला हवं; आयडलिंगला १५ ते २५ चालतं. कमी दिसलं तर आधी दुसरा गेज लावून खात्री करा. आणि गाडी ओढत नाही म्हणून इंजिनाला दोष देण्याआधी एसयू कार्ब्युरेटरचे झिजलेले स्पिंडल आणि डिस्ट्रिब्युटरचा अडकलेला ॲडव्हान्स (वेगाप्रमाणे ठिणगीची वेळ पुढे सरकवणारी यंत्रणा) तपासा. ही कामं इंजिनाच्या तुलनेत किरकोळ आहेत.

न मोजता बोअर करणं

१७९८ सीसीच्या या ब्लॉकला २०, ४० आणि ६० थाऊचे (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइझ पिस्टन मिळतात. प्रत्येक बोअरिंगला ब्लॉकचं एक आयुष्य संपतं, ६० नंतर बहुधा स्लीव्हच, म्हणजे आत नवी नळीच, टाकावी लागते. म्हणून बोअर किती झिजलाय, किती लंबगोल झालाय हे मशीन शॉपमध्ये वर-खाली मोजून घ्या. मर्यादेत असेल तर होनिंग (बोअर आतून हलकं घासणं) आणि नव्या रिंगवर भागतं. "६० थाऊ केलं की पॉवर वाढेल" असं कोणी म्हणालं तर हिशोब करा: क्षमता साधारण १८६८ सीसी होते, म्हणजे चार टक्के वाढ.

मापं येण्याआधी पिस्टन मागवू नका आणि पिस्टन हातात येण्याआधी बोअर करू देऊ नका. बोअर त्या पिस्टनच्या मापानेच व्हायला हवा.

हेडवर काटकसर

पैसे कमी असतील तर पहिल्यांदा हेडवर घाला, असं माझं स्पष्ट मत आहे. इंजिन जागेवर ठेवूनच हे काम होतं आणि फरक लगेच जाणवतो. हे बिडाचं हेड शिसंयुक्त पेट्रोलच्या काळातलं; ते शिसं व्हॉल्व्हच्या सीट झिजण्यापासून जपायचं. भारतात ते पेट्रोल २००० च्या सुरुवातीला बंद झालं, ब्रिटनमध्ये त्याच सुमारास. गाडी लांब पल्ल्याला पळवणार असाल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कडक सीट बसवून घ्या. पण त्याआधी क्रॅक टेस्ट. व्हॉल्व्हच्या सीटमध्ये तडा जाणं हे या हेडचं जुनं दुखणं आहे. सीट, गाइड, फेसिंग सगळं झाल्यावर तडा सापडला तर पैसे पाण्यात.

नव्या कॅमवर जुने टॅपेट

कधीही नाही. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमवर टॅपेट घासत असतात; ते खात्रीच्या ठिकाणचेच घ्या. हलक्या प्रतीचा टॅपेट लवकर झिजतो आणि त्याचा चुरा ऑइलबरोबर नव्या बेअरिंगपर्यंत जातो. रेसिंगचा कॅम टाकायचा मोह झाला तर लक्षात ठेवा की या हेडमध्ये दोन-दोन सिलिंडरना मिळून एकच इनलेट पोर्ट आहे. नुसत्या कॅमने भागत नाही. कार्ब्युरेटरच्या नीडल, डिस्ट्रिब्युटर, एक्झॉस्ट असा खर्च मागोमाग येतो.

"ॲम्बेसेडरचंच इंजिन आहे"

पुण्या-मुंबईच्या गॅरेजमध्ये हे ऐकू येतं आणि त्यात तथ्य आहे. ॲम्बेसेडरचं १४८९ सीसी इंजिन याच बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज घराण्यातलं. ते बांधलेल्या जुन्या मिस्त्रींचा हात इथे सोन्याचा आहे, त्यांना मान द्या. पण भागांची अदलाबदल गृहीत धरू नका. स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) तोच, पण बोअर ७३ मिलिमीटर; एमजीबीचा ८०.२६. शिवाय १९६४ च्या अखेरीपासून एमजीबीच्या क्रँकला, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याला, पाच मेन बेअरिंग आली, ॲम्बेसेडरला तीनच.

भारतात दुसरं इंजिन बसवणं स्वस्त वाटलं तरी इंजिन नंबर आरसीवर असतो, आरटीओची परवानगी लागते. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर ती मूळ स्वरूपात असावी लागते. आधी कागद, मग पाना.

"उघडलंच आहे तर" कुठे खरं?

जे बदलायला पुन्हा इंजिन उतरवावं लागेल, तिथेच. एमजीबीचा क्लच इंजिन काढल्याशिवाय बदलत नाही. म्हणून क्लच प्लेट, कार्बनचं रिलीज बेअरिंग, मागचं ऑइल सील आणि बॅकप्लेटमागचा कोअर प्लग (ब्लॉकमधलं पाण्याच्या वाटेचं बूच) यांचे पैसे पहिल्याच अंदाजात धरा. वॉटर पंप, डायनॅमो, रंगकाम हे नंतर, सवडीने होतं.

मिस्त्रीकडून दोन अंदाज घ्या: एक उघडण्याआधीचा, दुसरा सगळं मोजल्यावरचा. मोजमापाचा कागद मागून घ्या. दुसरा आकडा झेपत नसेल तर भाग ऑइल लावून, चिठ्ठ्या घालून गुंडाळून ठेवा आणि गाडी सहा महिने उभी राहू द्या. अर्धवट बांधून रस्त्यावर आणू नका.

सुरू करण्याच्या दिवसाचाही खर्च धरा. नवा कॅम असेल तर जस्ताचं प्रमाण चांगलं असलेलं ऑइल, आणि सुरू होताच २००० आरपीएमच्या आसपास वीस मिनिटं. आयडलिंगला सोडायचं नाही. आठशे किलोमीटरला ऑइल-फिल्टर बदला, जुना फिल्टर कापून आत चमकणारा चुरा आहे का ते बघा. आढळला तर गाडी तिथेच थांबवा आणि मिस्त्रीला तो फिल्टर दाखवा.