तालुक्याच्या गावात पहिला प्लॉट: माणसं कुठली जोडावीत आणि विसार कधी द्यावा

‘जमिनीत पैसे गुंतवायचेत तर आधी माणसं जोडा’ हा सल्ला सगळेच देतात आणि तो खोटा नाही. पण पुढचं कोणी सांगत नाही. मग नवखा माणूस प्लॉट-जमिनीच्या वीस व्हॉट्सअॅप ग्रुपांत शिरतो, दिसेल त्या एजंटला ‘काही चांगलं असेल तर कळवा’ म्हणून नंबर देतो आणि महिन्याभरात त्याच्याकडे जमिनीच्या एकाच गट नंबरचे आठ वेगवेगळे भाव गोळा होतात. त्या आठांपैकी एकही जण ‘हे घेऊ नका’ म्हणत नाही. या धंद्यात कामाचा माणूस ओळखायची खूण तीच आहे. निदान एकदा तरी त्याने तुम्हाला नको म्हटलेलं असतं.

इथे गृहीत धरलंय ते असं: वीस-तीस लाखांची तयारी, घरापासून तास-दीड तासावरचं तालुक्याचं गाव आणि पुनर्विक्रीतला एनए (बिनशेती) प्लॉट. शेतजमिनीचा विचार असेल तर आधी तुम्ही कायद्याने शेतकरी आहात का ते पाहा. १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. ‘ते आपण मॅनेज करू’ म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा.

आधी भाव, मग माणसं

एजंटला भेटण्याआधी भाव स्वतः काढा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चमध्ये गाव, वर्ष आणि गट नंबर टाकला की सूची क्रमांक २ दिसते. तीत मोबदला, बाजारभाव (म्हणजे सरकारने मुद्रांकासाठी धरलेली किंमत), क्षेत्र, लिहून देणार, लिहून घेणार आणि तारीख असते. गट नंबर भूनकाशा या सरकारी ऑनलाइन नकाशावरून मिळतात. दोन वर्षांचे पंधरा-वीस व्यवहार एका वहीत उतरवा आणि गुंठ्याचा दर काढा (एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, आर आणि गुंठा एक नव्हे, आर १०७६ चा). मोबदला आणि बाजारभाव हे दोन्ही आकडे जवळपास सारखे दिसले, तर तो मोबदला मुद्रांकापुरता लिहिलेला असण्याची शक्यता धरा. खरेदीपाठोपाठ बँकेच्या गहाणाची नोंद असेल, तर तो भाव जास्त विश्वासाचा. ही वही बरोबर असली की समोरचा तिसऱ्या मिनिटाला बोलण्याची भाषा बदलतो.

पाच माणसं पुरतात

दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसणारा दस्तलेखक पहिला. कुठला व्यवहार ऐनवेळी मोडला आणि कुणाची सही अडली, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. सर्व्हर बंद असलेली दुपार गाठा, त्याला बोलायला वेळच वेळ असतो. दुसरा, तालुक्याच्या कोर्टात काम करणारा आणि सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदी तपासून अहवाल) देणारा दिवाणी वकील. त्याच्याकडून चहावर फुकट सल्ला काढू नका, पहिल्या भेटीपासून फी द्या. तिसरा खासगी मोजणीदार: कुठल्या बांधावरून कोण भांडतंय ते त्याला माहीत. चौथा जेसीबीवाला. हसू नका. कुणाचा रस्ता कुणी अडवला आणि कुठल्या प्लॉटिंगमध्ये चार फुटांवर काळा दगड लागतो, हे त्याच्याकडून कळतं. पाचवा एजंट, फार तर दोन, त्याहून जास्त नकोत.

तलाठ्याशी (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) मैत्री करायच्या फंदात पडू नये. अर्ज द्यावा, नक्कल घ्यावी आणि निघावं.

या पाचांना तुमची गरज एका वाक्यात सांगा: ‘तीन ते चार गुंठे, एनए, स्वतंत्र सातबारा, सगळा खर्च धरून पंचवीस लाख, पैसे खात्यात तयार, तीन महिन्यांत घ्यायचंय.’ ‘चांगलं असेल ते’ म्हटलं की कुणालाच न खपलेला माल तुमच्याकडे येतो. आणि आलेल्या प्रत्येक जागेला एका दिवसात उत्तर द्या, कारणासह: ‘रस्ता सहा मीटरचा आहे, मला नऊ हवा.’ महिनाभर ‘बघतो, कळवतो’ करणाऱ्या माणसाचा नंबर एजंट मनातून खोडतो. नऊ वेळा कारण सांगून नकार देणाऱ्याला मात्र दहावी जागा सगळ्यांच्या आधी कळते.

खरा घोळ: मालकापर्यंत पोचणं

नव्या माणसाचे पैसे बुडतात ते इथे, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

तालुक्याच्या गावात मालक एजंटला म्हणतो, ‘मला गुंठ्याला पाच लाख नेट पाहिजेत, वरचे तुमचे.’ तो एजंट दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला. तुमच्यापर्यंत येईतो भाव सहा-साडेसहा झालेला असतो आणि सांगणाऱ्याने मालकाचं तोंडही पाहिलेलं नसतं. साखळी लांबली की नुसता भाव वाढतो असं नाही, माहितीही गळत जाते. ‘दोन बहिणींच्या सह्या बाकी आहेत’ हे पहिल्याला ठाऊक असतं. तिसऱ्यापर्यंत त्याचं ‘टायटल एकदम क्लिअर’ झालेलं असतं.

म्हणून पहिला प्रश्न भावाचा नसावा. विचारा: ‘मालकाशी तुमचं थेट बोलणं आहे का, की मध्ये कोणी आहे?’ मध्ये कोणी असणं हा गुन्हा नाही, लपवणं हा आहे. दुसरा प्रश्न गट नंबर आणि प्लॉट नंबरचा. इथे एजंट गप्प होतो. तुम्ही त्याला डावलून मालकाकडे जाल ही त्याची भीती रास्तच आहे. ती घालवायचा एकच रस्ता आहे: तिथल्या तिथे त्याला लेखी मेसेज करा. ‘अमुक गावचा अमुक गट, प्लॉट क्रमांक अमुक, ही जागा तुमच्याकडून कळली. व्यवहार झाल्यास ठरलेली दलाली खरेदीखताच्या दिवशी तुम्हालाच.’ दर त्यातच लिहा. एक ते दोन टक्के सर्वसाधारण चालतात. या मेसेजनंतरही नंबर देत नसेल तर ती जागा सोडा. बहुतेकदा त्याच्याकडेही तो नसतो.

नंबर मिळाला की डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. जागा पाहायला जाण्याआधी तो काढा, नंतर नको. एकदा जागा आवडली की माणूस कागद वाचत नाही, कागदाकडून होकार मागतो. सातबाऱ्यावर चार गोष्टी पाहा. भोगवटादार वर्ग १ आहे की २: वर्ग २ म्हणजे हस्तांतराला सरकारची परवानगी आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम), नवख्याने त्यात पडू नये. नावं किती, आणि एजंट सांगतोय तो माणूस त्यांत आहे का. ‘इतर अधिकार’ रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, वारसांची नावं. आणि नावाशेजारचे फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद) क्रमांक. हे फेरफार काढून वाचल्याशिवाय सातबारा वाचला असं म्हणू नये. वडील वारले तेव्हा लागलेल्या वारस नोंदीत मुली आहेत का, हे तिथेच कळतं. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क मुलांइतकाच आहे. तरी ‘बहिणी काही म्हणत नाहीत’ हे वाक्य प्रत्येक तालुक्यात ऐकायला मिळतं. एकतर त्या सही करतात, नाहीतर नोंदवलेलं हक्कसोडपत्र लागतं. ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर त्या गावचे प्रलंबित फेरफारही पाहा, तुम्ही विसार (आगाऊ रक्कम) द्यायच्या बेतात असता आणि तिथे त्याच गटावर दुसऱ्याच कुणाची नोटीस लागलेली असते.

सातबाऱ्याऐवजी ग्रामपंचायतीचा नमुना ८ पुढे केला तर सावध व्हा. ती घरपट्टीची आकारणी आहे, मालकीचा कागद नव्हे. त्यावर नाव आहे म्हणून जागा त्याची, असं होत नाही.

एनए प्लॉटला याशिवाय बिनशेती आदेश आणि मंजूर रेखांकनाचा नकाशा हवाच. नकाशा हातात घेऊन जागेवर उभं राहा आणि प्लॉट मोजत या. दाखवायचा कोपऱ्याचा आणि लिहून द्यायचा मधला, हा खेळ जुना आहे. आदेश न दाखवता ‘एनए होणारच आहे’ म्हणत असतील, किंवा सामाईक गटातला दोन गुंठ्यांचा तुकडा नोटरीवर देत असतील, तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा कशासाठी आहे ते वकिलाकडून समजून घ्या आणि घरी या.

मग दुसऱ्या एखाद्या दिवशी, एजंटला न सांगता, एकटे जा. सकाळी आठच्या सुमाराला शेजारचा माणूस भेटतो. त्याला ‘ही जागा विकायची आहे का?’ विचारू नका; त्याने बाजार फुटतो आणि तोही सावध होतो. ‘इथं पाणी कुठून येतं? पावसाळ्यात हा रस्ता चालू असतो का? पलीकडचं कुंपण कुणाचं?’ एवढं विचारा आणि गप्प राहा. भाऊबंदकी, कोर्टाची तारीख, दोन वर्षांपूर्वी मोजणीला आलेल्यांना परत पाठवलेलं, हे सगळं दहा मिनिटांत बाहेर पडतं. रस्त्याबद्दल तो काय म्हणतो ते विशेष ऐका. सातबाऱ्यावर नाव कुणाचं ते असतं, तिथपर्यंत गाडी जाते का ते नसतं. नकाशात रस्ता नसून नुसती वहिवाट असेल, तर उद्या शेजाऱ्याचं डोकं फिरलं की तुम्ही तहसीलदारांपुढे उभे.

ही सगळी चाळणी पार झाली तरच मालकाला भेटायचं, एजंटच्या समोर. सातबाऱ्यावर नाव असलेले सगळे त्या भेटीत हवेत. ‘धाकटा पुण्याला असतो, सहीला येईल’ असं ऐकलं तर त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर तिथेच बोला. भाव त्याला मान्य आहे हे त्याच्या तोंडून ऐकेपर्यंत भाव ठरला असं धरू नका.

विसार

‘दुसरी पार्टी उद्या येतेय, अकरा हजार तरी ठेवा’ हे ऐकल्यावर तुमचा हात खिशाकडे जाऊ नये. दुसरी पार्टी खरी असली तर जाऊ द्या. तालुक्यात प्लॉट संपत नाहीत. विसार द्यायचाच तर विसार पावती वकिलाने लिहिलेली, सगळ्या हिस्सेदारांच्या सह्यांची आणि दोन अटींची हवी: सर्चमध्ये दोष निघाल्यास पूर्ण रक्कम ठरावीक दिवसांत परत, आणि मोजणीत क्षेत्र कमी भरल्यास त्याच दराने किंमत कमी. रक्कम बँकेतूनच द्या. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि रोख दिलेला विसार मागायला गेलं की ‘कुठला विसार?’ हा प्रश्न येतो. एजंटच्या खात्यात एक रुपयाही टाकू नका.

नवं प्लॉटिंग असेल तर ५०० चौरस मीटरच्या वरच्या रेखांकनाला महारेरा (राज्याचं स्थावर मिळकत नियामक प्राधिकरण) नोंदणी लागते. तिथे नोंदवलेल्या कराराआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. हा नियम बुकिंगवाला स्वतःहून सांगत नाही, तुम्ही सांगा.

पुढचं सोपं

तीस वर्षांचा सर्च आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. भूमी अभिलेखकडून हद्द कायम मोजणी, ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) हातात. मुद्रांक शुल्क हद्दीप्रमाणे, नोंदणी फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या रकमेतून कापून भरायचा कर). खरेदीखत, आणि मग फेरफार: नोटिशीचे पंधरा दिवस, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी.

दलाली खरेदीखताच्या दिवशी, निबंधक कार्यालयाच्या पायऱ्या उतरण्याआधी द्या, घासाघीस न करता. दस्तलेखक आणि मोजणीदार ते बघत असतात. फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा काढून आपल्या नावाचं स्पेलिंग आणि क्षेत्राचा दशांश तपासा. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा. विकायच्या वेळी द्यायला गेलात तर तोवर तलाठी दोनदा बदललेला असतो.