जुनी दक्षिणी कट्यार नेमकी पाहायची कशी

नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे आपल्या म्युझियममध्ये, शस्त्रांच्या दालनात लोकं तलवारींचे फोटो काढतात अन् कट्यारीसमोरून तसेच निघून जातात, हे पाहून जिवाला लागतं, म्हणून लिहून राहिलो. 16व्या-17व्या शतकातली विजयनगर-तंजावरकडची कट्यार नागपुरात दिसो की चेन्नईच्या म्युझियममध्ये, सोनंबिनं नंतर पाहा, आधी जोड पाहा.

जोड म्हणजे पातं अन् मूठ भेटतात ती जागा. मुठीतून पोलादी पट्ट्या पात्याच्या दोन्ही अंगांनी खाली येतात, त्यात पातं खिळ्यांनी ठोकून बसवलेलं असलं तर बरेचदा ते युरोपातून आलेल्या तलवारीचं कापून घेतलेलं पातं असते, फिरंगी पात्याला तेव्हा लई मान होता (रघुजी भोसल्यांची तलवार 2025 मध्ये सरकारनं लंडनच्या लिलावातून आणली ना, तिचंही पातं युरोपीच आहे). आता खिळ्यांची डोकी पाहा, पट्टीची कड पात्याला घट्ट टेकली की मधे फट आहे ते पाहा. चांगल्या कारागिराच्या हातची पट्टी नुसती चिकटवल्यासारखी वाटत नाही, तिची कडसुद्धा कोरून बारीक करत आणलेली असते.

पातं इथलंच असलं तर खाली वाकून तिरक्या उजेडात पाहा. मधली शीर, तिच्या दोन्ही बाजूंच्या बारीक पन्हळी, त्या टोकाकडे सरळ रेषेत जाऊन मिळतात का? एवढ्या कडक पोलादात हे काम हातानं केलंय, अन् त्यानंच वजन कमी होऊन पातं ताठ राहते. टोक जाड दिसलं तर बोथट झालंय समजू नका, चिलखताच्या कड्या फोडायला ते मुद्दाम तसं ठेवत.

मग मूठ. आडव्या दांड्या मुठीत धरायच्या म्हणजे घाव पूर्ण हाताच्या जोरानं जाते, अन् वर पंजा झाकणारा जाळीचा पत्रा असला तर त्यातला व्याळ (सिंहासारखा काल्पनिक प्राणी) शोधाच, जाळीच्या आतल्या कडाही घासून साफ केल्या असतील तर काम अव्वल.

घरी जुनी कट्यार असली तर चिंच, राख, रेती काहीच लावू नका भाऊ, पोलादावरचा जौहर, म्हणजे लाटांसारखी नक्षी, घासल्यानं जाते. पातळ तेलाचा हात फिरवा अन् चामड्याच्या म्यानाबाहेर ठेवा, चामडं ओल धरते.