घरचं मंगलाष्टक लिहिताना

इंदूरच्या मराठी लग्नात पंगत, रोषणाई सगळं झकास असतं, पण घरचं मंगलाष्टक आताशा क्वचितच ऐकू येतं. ते जरूर लिहा. आत्या-मावशीला हाताशी घ्या.

चाल बहुधा शार्दूलविक्रीडित या वृत्ताची. ओळीत १९ अक्षरं, बाराव्यावर थांबा. शेवटच्या ओळीतली सात अक्षरं तर तयारच आहेत: 'कुर्यात् सदा मंगलम्'. म्हणजे तिथे आपली फक्त बारा: 'आजीची नथ ही तुझ्यावर खुले, कुर्यात् सदा मंगलम्'. लिहून झालं की मोठ्याने म्हणून बघा. लघु-गुरू, म्हणजे आखूड-लांब उच्चाराच्या अक्षरांचा क्रम, चुकला असेल तिथे जीभ हमखास अडखळते.

'सद्गुणी', 'सुशील' ही विशेषणं कुणालाही चालतात, ती टाळा. त्यापेक्षा राजवाड्याजवळचं जुनं घर, अन्नपूर्णेचं दर्शन, आजोबांचं नाव ओळीत आणा. ऐकताना घरच्यांचे डोळे भरून येतात ते अशाच तपशिलाने.

दोन कडवी पुरेत, कारण मुहूर्त गाठायचा असतो. गुरुजींना आधी सांगून ठेवा. आणि कडवी छापून वाटा. लिपी एकच असल्याने हिंदीभाषक शेजारीसुद्धा अक्षता हातात धरून सोबत म्हणू शकतात.

अंतरपाट म्हणून आजीच्या महेश्वरी साडीचा पदर धरलात तर फारच छान.