बुरशी दिसली की फवारणी? बुरशीची नाती न ओळखल्यामुळे होणाऱ्या या चुका टाळा

बागेत बुरशी दिसली की बुरशीनाशक शोधायचे आणि दुकानात ‘जैविक बुरशी’ असे छापलेली पिशवी दिसली की ती कोणत्याही पिकाला, कशातही कालवून द्यायची, या दोन्ही सवयींच्या मुळाशी एकच गफलत आहे. बुरशीत हरितद्रव्य नसते, त्यामुळे तिला आपले अन्न स्वतः तयार करता येत नाही आणि ती कायम दुसऱ्या कोणाच्या तरी आधाराने जगते. कधी ती झाडाच्या मुळांशी देवाणघेवाण करते, कधी शेवाळाला आसरा देते, कधी किडीला मारून तिच्यावर वाढते, तर कधी किडीने टाकलेल्या गोड चिकट द्रवावर पोसली जाते. समोरच्या बुरशीचा आधार कोण आहे हे आधी ठरवले नाही, तर औषध भलतीकडे पडते आणि खर्च करूनही बाग होती तशीच राहते.

काजळी धुण्यात हंगाम घालवणे

याचे सर्वांत साधे उदाहरण आंब्याच्या पानांवरील काळ्या काजळीचे आहे. पान कोळशाने माखल्यासारखे दिसते आणि बागायतदार बुरशीनाशकाच्या फवारणीची तयारी करतो. ही बुरशी पानात शिरतच नाही. तुडतुडे मोहोरातील व कोवळ्या पालवीतील रस शोषतात आणि जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतात. कोकणात यालाच ‘खार पडणे’ म्हणतात. काजळी वाढते ती या साखरेच्या थरावर. विदर्भातील संत्रा बागेत ‘कोळशी’ नावाने ओळखला जाणारा प्रकारही असाच आहे, फक्त तेथे साखर पुरवते ती काळी माशी.

म्हणून काळे पान दिसल्यावर पहिली नजर वरच्या फांदीकडे आणि पानांच्या खालच्या बाजूकडे गेली पाहिजे. तुडतुडे, काळ्या माशीची पिल्ले, पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड यांपैकी कोणीतरी तेथे असतेच, आणि खोडावर मुंग्यांची रांग असेल तर शंकाच उरत नाही. मुंग्या हा गोडवा खातात आणि त्या बदल्यात किडीला तिच्या शत्रूंपासून राखतात. कीड आटोक्यात आली की नव्या पालवीवर काजळी धरत नाही. जुन्या पानांवरील थर काढायचा असेल, तर कोरड्या उन्हाच्या दिवशी स्टार्चची पातळ खळ फवारावी. ती वाळून पापुद्र्यासारखी सुटते आणि काजळीलाही बरोबर घेऊन पडते.

मायकोरायझाला गुळाच्या पाण्यात ‘वाढवणे’

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी १८८५ मध्ये बुरशी आणि मूळ यांच्या एकत्रित रचनेला ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ बुरशी-मूळ असा होतो. ऊस, कांदा, कापूस, तूर, डाळिंब, आंबा अशा आपल्या बहुतेक पिकांच्या मुळांत या बुरशीचा एक प्रकार राहतो. तो मुळाच्या पेशीत शिरून लहान झुडपासारख्या फांद्या तयार करतो आणि त्या ठिकाणी देवाणघेवाण चालते. झाड साखर व मेद देते, तर बुरशी मुख्यतः स्फुरद (फॉस्फरस) आणि त्याच्यासोबत जस्तासारखी अन्नद्रव्ये आणून देते. स्फुरद जमिनीत जवळजवळ हलतच नाही. मूळ आपल्या भोवतालचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा करते आणि त्यापलीकडचा स्फुरद त्याच्या हाती लागत नाही. बुरशीचे धागे मात्र मुळापासून काही सेंटिमीटर दूर जाऊन तो आणतात. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद चुन्याशी बांधला जातो, त्यामुळे हे नाते आपल्याकडे विशेष मोलाचे आहे. कांद्याची मुळे तर इतकी आखूड, विरळ आणि मूळरोमांच्या बाबतीत तोकडी असतात की या धाग्यांची गरज त्याला इतर पिकांपेक्षा अधिक भासते.

हे नाते समजले की त्यातील चुका आपोआप दिसू लागतात. पहिली आणि फार मोठ्या प्रमाणावर होणारी चूक म्हणजे मायकोरायझाची भुकटी गूळ व बेसनाच्या पाण्यात आठवडाभर भिजत ठेवून ‘एका किलोचे दोनशे लिटर’ करणे. ट्रायकोडर्मा हा जैविक बुरशीचा दुसरा प्रकार शेणखतावर किंवा गुळाच्या द्रावणात वाढतो, कारण तो मृत सेंद्रिय पदार्थांवर जगू शकतो. मुळांत राहणाऱ्या या मायकोरायझाला ते जमत नाही. जिवंत मुळाशिवाय त्याची वाढ पूर्ण होत नाही, आणि म्हणूनच त्याचे उत्पादन करणारे त्याला जिवंत रोपांच्या किंवा प्रयोगशाळेत वाढवलेल्या मुळांवर वाढवतात. पिंपात फसफसते ते दुसरेच जीव असतात. ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती करणारा शेतकरी आळशी नसतो, उलट जास्तीची मेहनत घेणारा असतो.

दुसरी चूक जागेची आहे. भुकटी पानांवर फवारून किंवा शेतात वरच्या वर विस्कटून उपयोग होत नाही. बीजाणू (बुरशीचे बीसारखे सूक्ष्म कण) आणि कोवळे मूळ यांची गाठ पडली पाहिजे. रोपवाटिकेच्या गादीवाफ्यात बियांच्या खाली, पुनर्लागवडीच्या वेळी रोपाच्या मुळाशी, फळझाडाच्या खड्ड्यात लागवड करतानाच, किंवा उसाच्या बेण्याजवळ मुळ्या फुटण्याच्या सुमारास दिलेली मात्रा सर्वांत चांगली लागू पडते. दहा वर्षांच्या बागेत बुंध्याला टेकवून ओतलेले द्रावण जेथे जाते, तेथे अन्न शोषणारी बारीक मुळे फारशी नसतात.

तिसरी चूक खताची आहे. एका हाताने मायकोरायझा आणि दुसऱ्या हाताने डीएपी या स्फुरदयुक्त खताची भरघोस मात्रा दिली, तर झाडाला स्फुरद फुकटात मिळतो आणि ते बुरशीला साखर देण्यात हात आखडता घेते; मुळांतील तिचे प्रमाण घटते. माती परीक्षणात स्फुरद आधीच भरपूर निघाला असेल, तर मायकोरायझावर पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच आठवड्यात कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची मुळाशी आळवणी करणेही तितकेच घातक ठरते.

पीक कोणते, याकडे तर सर्रास दुर्लक्ष होते. मोहरी, कोबी, फुलकोबी, मुळा ही एका कुळातील पिके आणि पालक, बीट, राजगिरा यांच्यासारखी दुसऱ्या कुळातील पिके या बुरशीशी सहसा नातेच जोडत नाहीत. कोबीला मायकोरायझा देऊन ‘फरक दिसला नाही’ अशी तक्रार करणाऱ्याने बिचाऱ्या पिशवीला दोष देऊ नये. कोबीनंतर त्याच शेतात कांदा घ्यायचा असेल, तर मधल्या काळात बुरशीला यजमान मिळालेला नसतो, हे लक्षात ठेवून कांद्याच्या रोपांनाच ती द्यावी.

परिणाम होतो की नाही, हे डोळ्यांनी मुळाकडे पाहून कळत नाही. त्यासाठी मुळे रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. शेतकऱ्याच्या हातातील खात्रीची परीक्षा म्हणजे त्याच शेतात दोन-चार सऱ्या न देता सोडणे आणि उत्पादन वेगळे मोजणे.

दगडफुलाला बांडगूळ समजणे

गोड्या मसाल्यातील दगडफूल म्हणजे एक जीव नव्हे. त्यात बुरशी आणि शेवाळ एकत्र राहतात, हे स्विस शास्त्रज्ञ सिमॉन श्वेन्डेनर यांनी १८६०च्या दशकात मांडले, तेव्हा अनेक नामवंतांनी त्यांची कल्पना झिडकारली होती. शेवाळ उन्हात अन्न तयार करते आणि बुरशी त्याला आसरा देते. खोडाला धरून ठेवणारे त्याचे धागे केवळ पकड घेतात, झाडाचा रस शोषत नाहीत. बांडगूळ ही मात्र फांदीत घुसून पाणी व क्षार ओढणारी खरीखुरी परोपजीवी वनस्पती आहे आणि ती फांदीसह कापलीच पाहिजे. या दोघांत घोळ करून आंब्याच्या खोडावरील दगडफूल कोयत्याने खरवडले, तर सालीला जखमा होतात आणि खोड पोखरणाऱ्या भिरूड किडीला अंडी घालण्यासाठी जागा मिळते. जुन्या, मंदावलेल्या झाडावर दगडफूल जास्त दिसते, कारण पालवी विरळ होऊन खोडावर ऊन येते. अशा झाडाच्या मुळांची, खताची आणि छाटणीची तपासणी करावी.

आंबा व पेरूच्या पानांवरील मखमली, नारिंगी ठिपक्यांना ‘लाल तांबेरा’ म्हणतात. तो बुरशीचा नसून परोपजीवी शेवाळाचा आहे. त्यावर केवळ बुरशीसाठी बनलेली आंतरप्रवाही औषधे फारशी चालत नाहीत, तांब्याची, म्हणजे बोर्डो मिश्रणासारखी औषधे चालतात.

किडीला मारणाऱ्या बुरशीला रसायनाच्या घड्याळाने मोजणे

मेटारायझियम या किडी मारणाऱ्या बुरशीचा बीजाणू किडीच्या कातडीला चिकटतो, ओलाव्यात उगवतो, कातडी भेदून आत शिरतो आणि किडीच्या शरीरात वाढतो. या प्रवासाला साधारण पाच ते दहा दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी उसाची मुळे खाणारी हुमणी अळी जिवंत दिसली म्हणून त्याच सरीत रासायनिक औषध ओतणारा शेतकरी उपाय अर्ध्यावर मोडतो. मेलेली अळी आधी पांढरी आणि मग हिरवी झालेली आढळली, तर काम नीट झाले असे समजावे.

ओलावा आणि वेळ या दोन गोष्टींवर सगळे अवलंबून असते. दुपारच्या उन्हात केलेली फवारणी अतिनील किरणांनी निकामी होते आणि तापमान ३५ अंशांपुढे गेले की वाढ थबकते. म्हणून संध्याकाळ निवडावी. दुकानात किंवा पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर तापलेली पिशवी विकत घेऊ नये. बुरशीनाशक फवारलेला पंप स्वच्छ न धुता वापरणे, ही तर स्वतःच्या हाताने केलेली हानी आहे. हुमणीच्या लहान अळ्या पावसाळ्याच्या सुरुवातीला मुळांशी असतात, तेव्हाच कुजलेल्या शेणखतातून ही बुरशी मातीत मिसळावी. ऊस पिवळा पडेपर्यंत अळी मोठी आणि निबर झालेली असते.

सोयाबीन किंवा मक्यावर पावसाळी ढगाळ हवेत पानाला चिकटून वाळलेल्या, पांढरट-हिरव्या अळ्या दिसल्या, तर तो पिकाचा रोग समजून त्या उपटून जाळू नयेत. २०१८ मध्ये भारतात आलेल्या अमेरिकन लष्करी अळीलाही अशीच एक बुरशी मारते, आणि त्या वाळलेल्या देहांवरचे बीजाणूच पुढच्या अळ्यांपर्यंत पोहोचतात.

जालना, बीड परिसरात रेशीम किड्यांसाठी तुतीची लागवड वाढली आहे, म्हणून एक गोष्ट येथे स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे. ब्यूवेरिया ही किडी मारणारी दुसरी बुरशी मुळात ओळखली गेली ती रेशीम किडे मारणारी म्हणूनच. इटलीच्या अगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ मध्ये तिच्यामुळे होणारा रोग सिद्ध केला. तुतीच्या शेताजवळ किंवा रेशीम किडे पाळण्याच्या संगोपनगृहाकडे वारा वाहतो त्या बाजूला ब्यूवेरिया किंवा मेटारायझियम फवारू नये, आणि दुसऱ्याच्या शेतात ती फवारलेल्या माणसाने आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय संगोपनगृहात पाऊल ठेवू नये.

वारुळाची अळंबी आणि तिच्यामागची वाळवी

पहिल्या पावसानंतर वारुळांवर उगवणारी अळंबी म्हणजे वाळवीच्या शेतीचे फळ आहे. वाळवी वाळलेला पाला चावून जमिनीखाली त्याचे जाळीदार पोळे रचते आणि त्यावर ही बुरशी वाढवते. बुरशी लाकूड पचवून देते. हे नाते तोडून तिला पेंढ्यावर वाढवता येत नाही, म्हणून धिंगरी या लागवडीच्या अळंबीसारखे तिचे ‘बी’ देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत. खणून पोळे बाहेर काढणे टाळावे, आणि सगळ्या कळ्या न तोडता काही छत्र्या पूर्ण उमलू द्याव्यात, म्हणजे बीजाणू बाहेर पडतील.

रानातील अळंबी ओळखण्यासाठी चांदीचे नाणे काळे पडते का, किंवा लसूण रंग बदलतो का, या घरगुती परीक्षा पूर्णपणे निरुपयोगी आहेत आणि त्यांवर विसंबणे जिवावर बेतू शकते. किडीने खाल्लेली अळंबीही माणसाला विषारी असू शकते. ज्या जाणत्याने वर्षानुवर्षे त्याच वारुळावरची अळंबी काढली आहे, त्याने प्रत्यक्ष हातात घेऊन ओळखलेलीच खावी. खाल्ल्यानंतर कित्येक तासांनी उलट्या सुरू झाल्या, तर मध्येच बरे वाटले तरी थांबू नये. उरलेली अळंबी सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालयात जावे.