घरात पोरं आणि घरात बंदूक: या चुका टाळा

२०२४ च्या ऑगस्टमध्ये कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकला नेमबाजीत ब्राँझ मारलं आणि कोल्हापुरात मी शिकवतो त्या रेंजवर पालकांची रांग लागली. आनंद आहे. पण चुका त्याच त्याच.

"सर, पोरगं अठरा पूर्ण झालं, लायसन काढूया की." मतदान अठराला, बंदूक एकविसाला. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ९: २१ पूर्ण नसेल त्यानं बंदूक घ्यायची नाही, बाळगायची नाही आणि त्याला कुणी विकायची-द्यायचीही नाही. पूर्वी ही मर्यादा १६ होती, १९८३ ला ती २१ झाली. म्हणून आजोबांचं "आमच्या वेळी चालायचं" खोटं नसतं, फक्त जुनं असतं.

आता माझी दुखरी नस. खंडेनवमीचे फोटो. राधानगरीकडं आमच्या भावकीत गव्यांच्या त्रासापायी बारा बोअर बंदुकीचं लायसन आहे. मागं एकदा पूजेला गेलो. पाटावर दुनळी, तिला झेंडूची माळ. तेरा वर्षांच्या पुतण्यानं ती खांद्याला लावली, समोर बहीण मोबाईल धरून. मी ओरडलो तर दादा म्हणाला, "रिकामी हाय रं, खेळू दे." मी ती पोराच्या हातातनं काढून घेतली, मोडून, म्हणजे नळ्या उघडून बघितली. उजव्या नळीत लाल काडतूस. "परवा राती गवा आल्ता, तवा घातलं असंल," दादा पुटपुटला. वहिनी तिथंच मटकन बसली.

तेव्हापासून दुनळी हातात आली की आधी मोडून बघतो. आत्ता बघून ठेवलेली असली तरी. लोक हसतात, हसू देत.

शस्त्र नियम २०१६ नुसार शस्त्र सुरक्षित, कुलुपात ठेवायची जबाबदारी लायसनदाराची. मी बंदूक एका कपाटात, काडतुसं दुसऱ्यात ठेवतो आणि किल्ली करदोट्याला. देव्हाऱ्यामागं किल्ली ठेवणाऱ्यांनो, ती जागा पोरांना तुमच्याआधी ठाऊक असते.

वरातीत पोराच्या हातानं बार? २०१९ च्या दुरुस्तीनं हर्षफायरिंगला दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

वडील वारले म्हणून बंदूक सातबाऱ्यासारखी वारसाच्या नावावर चढत नाही. आधी पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडं जमा, मग जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज.

मग पोरांनी शिकायचं कसं? वाट आहे. १२ पूर्ण झालेल्याला प्रशिक्षणासाठी नेमबाजी करता येते, पण मोठ्या माणसाच्या नजरेखालीच. सुरुवात एअर रायफलनं. ४.५ मिलिमीटर, २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला लायसन लागत नाही. ती निदान वर्षभर घासावी, असं माझं मत. पण सगळ्यांना घाई. परवा एका वडिलांनी तिसऱ्याच दिवशी विचारलं, "पॉइंट टू टू कधी देणार?" म्हणजे खऱ्या गोळीची .२२ रायफल. मी पोराला रिकामी एअर रायफल धरून अर्धा तास नुसतं निशाण्यावर उभं केलं. चौथ्या दिवशी वडील आले नाहीत. पोरगं मात्र एकटंच सायकलवरनं आलं.