पोलीस दारात आले तर 'सरकारी कामात अडथळा' अंगावर येऊ नये म्हणून काय करायचं

आपल्याकडं अजून 'तीनशेत्रेपन्न लावला' (म्हणजे जुन्या दंड संहितेचं कलम ३५३) असंच म्हणतात, पण १ जुलै २०२४ पासून ते कलम भारतीय न्याय संहितेत १३२ झालंय, आणि त्याच्या शेजारी २२१ पण आहे, दोन्हीतला फरक आधी समजून घ्या. अंगाला हात न लावता काम अडवलं तर २२१, म्हणजे ३ महिन्यांपर्यंत कैद नाहीतर २५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हा अदखलपात्र (म्हणजे वॉरंटशिवाय अटक नाही) आणि जामीनपात्र. पण ड्युटीवरच्या पोलिसाला काम करू नये म्हणून ढकललं, धरलं, की १३२, २ वर्षांपर्यंत कैद आणि अजामीनपात्र, म्हणजे जामीन हक्कानं नाही, कोर्टाकडं मागावा लागतो. मार लागायचीबी गरज नाही. लागला तर १२१, तिथं ५ वर्षांपर्यंत, आणि हाडबिड मोडलं तर १० वर्षांपर्यंत.

हे एवढं पोटतिडकीनं सांगायलोय कारण घरात बघितलंय. बांधाच्या भांडणात पोलीस आमच्या चुलत्याला न्यायला आले, चुलतभाऊ पोलीस भरतीची तयारी करायचा, पहाटे चारला उठून पळणारं पोरगं, ते मधी गेलं आणि 'आबांना का नेता' म्हणत शिपायाची बाही धरली, झटापटीत शर्टाचं एक बटण तुटलं. तेवढंच. ते बटण पंचनाम्यात आलं. चुलते दोन दिवसांत सुटले, पोरगं मात्र अजून तारखेला जातंय, आणि भरतीच्या फॉर्ममधी 'गुन्हा दाखल आहे का' या रकान्यापाशी त्याचा हात थांबतो.

म्हणून जीप दारात आली की पहिलं काम, तरण्या पोरांना मागं घ्या आणि बोलायला घरातलं एक शांत, वयस्कर माणूस पुढं करा. विचारायचा हक्क पूर्ण आहे, तो सोडू नका: साहेब नाव काय, अटक कशासाठी, कुठल्या ठाण्याला नेताय. अटकेची कारणं सांगावीच लागतात, अटकेचा पंचनामा करून त्यावर घरच्याची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्यावी लागते, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर एरवी अटक करता येत नाही, अगदी अपवाद असंल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते. अटक चुकीची वाटली तरी जीपपुढं आडवं पडू नका, ज्याला नेतेत त्यानं हिसका दिला तर त्याच्यावरच २६२, म्हणजे स्वतःच्या कायदेशीर अटकेला विरोध केल्याचं कलम चढतं. ती लढाई कोर्टात लढा.

व्हिडिओ काढायचा तर चार पावलं लांबून, वाट न अडवता. पोलीस ठाण्यातलं बोलणं रेकॉर्ड केलं म्हणून शासकीय गुपितांचा कायदा लागत नाही, असं आपल्या औरंगाबाद खंडपीठानंच २०२४ मधी सांगितलंय.

नाकाबंदीत तर अजून सोपंय, गाडी बाजूला घ्या, लायसन डिजिलॉकरमधी दाखवा, दंड पटत नसंल तर चलनावर नंतर तक्रार करा, पण किल्ली काढली म्हणून शिपायाच्या हातातून हिसकू नका.

आणि एवढं करूनबी गुन्हा दाखल झालाच तर पळू नका, एफआयआरची कॉपी काढा आणि वकील गाठून सेशन कोर्टात अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाका. जिथं घडलं तिथल्या दुकानाचा, पंपाचा सीसीटीव्ही लगेच मागा, थोड्या दिवसांत त्यावर नवीन रेकॉर्डिंग चढतं. नुसतं २२१ असंल तर अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीशिवाय कोर्ट ते दखलीत घेत नाही, हा मुद्दा वकिलाला आठवणीनं विचारा. आणि ठाण्यात मारहाण झाली असंल तर घरी येऊन सांगत बसू नका, मॅजिस्ट्रेटपुढं नेतील तेव्हाच शर्ट वर करून वळ दाखवा आणि मेडिकल मागा.