भाड्याच्या जाहिरातीत माणसांचे फोटो टाकताय? या चुका टाळा

न्यू जर्सीतला आमचा कॉन्डो, म्हणजे मालकीचा फ्लॅट, पहिल्यांदा भाड्याने द्यायचा होता, तेव्हा मी लिस्टिंगवर दिवाळीतला फोटो टाकला. सोफ्यावर आम्ही चौघं, समोर पणत्या, मागे देवघर. खोलीत उजेड छान आला होता, एवढंच डोक्यात होतं. दोन दिवसांनी एका बाईंचा फोन आला. भाडं किती, पार्किंग आहे का, यातलं काहीच नाही, पहिला प्रश्न, "तुम्ही फक्त भारतीयांनाच घर देता का?" मी नाही म्हणाले, पण त्या घर बघायला आल्याच नाहीत. माझ्या मनात नसलेली अट त्या फोटोने त्यांना ऐकवली होती. ते मला आजही लागतं.

अमेरिकेत हा प्रश्न शिष्टाचारापुरता नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, एप्रिल १९६८ मध्ये, फेअर हाउसिंग अ‍ॅक्टवर सही झाली. वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश यावरून पसंती वा मनाई सुचवणारी जाहिरात त्याने बेकायदा ठरवली. १९७४ मध्ये त्यात लिंग आलं आणि १९८८ मध्ये अपंगत्व आणि घरात मुलं असणं.

"माझा हेतू वाईट नव्हता"

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच, आणि त्याचा फारसा उपयोग होत नाही. साधारण वाचकाला जाहिरात पाहून काय वाटेल, हे न्यायालय बघतं. न्यूयॉर्क टाइम्सवरचा खटला यासाठी माहीत असावा. वीस वर्षांत छापलेल्या घरांच्या जाहिरातींत हजारो मॉडेल्स दिसली, पण घर घेणारी किंवा भाड्याने राहणारी कृष्णवर्णीय माणसं जवळजवळ नव्हतीच. दिसलीच तर बहुधा दरवान, देखभाल कामगार अशा भूमिकांत, अशी तक्रार होती. वर्तमानपत्राने दावा फेटाळण्याची मागणी केली. १९९१ मध्ये अपील न्यायालयाने ती नाकारली आणि साधारण वाचक म्हणजे अति संशयी नव्हे, तसा अगदी बोथटही नव्हे, असं म्हटलं. त्याआधी १९८७ मध्ये व्हर्जिनियातल्या एका खटल्यात अपार्टमेंट कंपनीच्या माहितीपुस्तिकेतले फोटोच कायद्याचा भंग करणारे ठरले होते. त्यांत जवळजवळ सगळे गोरेच होते.

एकच फोटो म्हणजे लगेच गुन्हा, असं मी म्हणत नाही. पण सगळ्या फोटोंत एकाच प्रकारची माणसं दिसू लागली की त्याचा अर्थ निघतो.

एक वेगळा चेहरा टाकून मोकळं होणं

पोहण्याच्या तलावाशी गोरं जोडपं आणि बागेत पाचोळा गोळा करणारा लॅटिनो माणूस, अशा फोटोंमुळे विविधता दिसते, समानता नाही. माणसं दाखवायचीच तर सगळी रहिवासी म्हणून, बरोबरीने दाखवा. फक्त मुलं नसलेली तरुण जोडपी दाखवणंही टाळा. एआयकडून चित्रं करून घेत असाल तर पूर्ण संच शेजारी शेजारी ठेवून बघा. आणि एका वस्तीतल्या इमारतीसाठी एक चेहरे, दुसरीसाठी दुसरे, असं करू नका.

आमच्यासारख्या एक-दोन घरांच्या मालकांना माझा सल्ला सरळ आहे: माणसं नकोतच. स्वयंपाकघर, कपाटं, खिडकीतून दिसणारं झाड, वॉशर-ड्रायर दाखवा. घरात अजून राहत असाल तर कुटुंबाच्या फोटोफ्रेम आणि देवघर फ्रेमबाहेर ठेवा. श्रद्धा लपवायची म्हणून नव्हे. बघणाऱ्याला तिथे स्वतःचं घर दिसावं म्हणून.

"आमचं घर छोटं, कायदा मोठ्यांसाठी"

मालक स्वतः राहतो अशा चार घरांपर्यंतच्या इमारतीला कायद्यातल्या काही तरतुदींतून सूट आहे. जाहिरातीच्या कलमातून नाही. म्हणून फोटो कितीही नेटके असले तरी खाली "इंडियन फॅमिली प्रिफर्ड" लिहिलंत तर सगळं वाया. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हे वाक्य मी दर महिन्याला वाचते. ओळखीच्यांतच घर जावं ही ओढ मला कळते, पण हीच ओळ उद्या दुसऱ्या कुणी आपल्या मुलांविरुद्ध लिहिली तर? फेसबुकवर जाहिरात देताना ती "हाउसिंग" गटातच नोंदवा. अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने २०१९ मध्ये फेसबुकवर आरोप ठेवले आणि २०२२ मध्ये कंपनीची न्याय खात्याशी तडजोड झाली. दोन्ही गोष्टी घडल्या, त्या घरांची जाहिरात कुणाला दाखवली जाते यावरूनच.

चूक आधीच झाली असेल तर

फोटो सगळीकडून काढा. झिलो या घरांच्या जाहिरातींच्या साइटवर टाकलेली लिस्टिंग ट्रुलिया आणि हॉटपॅड्सवरही दिसते, तिथेही तपासा. एजंटाकडची जुनी पत्रकं परत मागवा. मात्र जुन्या जाहिरातीची प्रत आणि बदलाची तारीख जपून ठेवा. गृहनिर्माण खात्याकडे एक वर्षापर्यंत तक्रार करता येते, न्यायालयात दोन वर्षांपर्यंत. नोटीस आलीच तर त्यानंतर काहीही पुसू नका, आणि उत्तर लिहिण्याआधी वकिलाला फोन करा.